गढीच्या भिंतीवरले पांडव

एक पहिल्यांदाच सांगून ठेवते. माझ्या सासऱ्याचं नाव मी आपल्या तोंडनं सांगनार न्हाई. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ न्हाई, आन् मी आजवर घेतलेलं न्हाई. पाच पांडवांतला सगळ्यात धाकटा जो, तेच त्येंचं नाव. शाळेत गेला असाल तर कळलं असंल, न्हाई गेला तरी कळलं असंल. आता पुढं ऐका.

मी मनकर्णा. सासऱ्यांना मामंजी म्हनते, सासूला आत्याबाई. आत्याबाईंचं नाव भीमाबाई. घरात आमी तिघंच असायचो, कारन आमचे हे नगरला नागापूरच्या कारखान्यात हुते. पंधरवड्यानं एश्टीनं यायचे आन् आले की दोन दिस नुसते झोपायचे.

साल बहात्तर. त्या साली पाऊस कुठं गेला ते त्यालाच ठावं. बैल छावनीत आन् मानसं तलावाच्या कामावर. मामंजी खोदायचे, मी आन् आत्याबाई मातीच्या पाट्या वाहायचो. दुपारी लाल मिलोची, म्हंजी सरकारनं अमेरिकेतनं आनलेल्या जवारीची, भाकर आन् मिरचीचा ठेचा. त्या सालाचं नाव काढलं की लोक तोंड पाडत्यात. मला मातर आमी तिघांनी बांधावर बसून खाल्लेली ती भाकर आठवती. मामंजी रोज म्हनायचे, "अमेरिकेच्या घोड्याचा घास हाय ह्यो, नीट चावून खा, न्हाईतर खिंकाळशीला." रोज तेच म्हनायचे आन् रोज आमी हसायचो. खोटं कशाला बोलू, सुखात हुतो आमी.

दिवाळी झाल्यावर एक दिस ग्रामसेवक कामावर आला. देशाला स्वातंत्र्य मिळून पंचवीस वर्सं झाली, म्हनला, तर बेचाळीसच्या चळवळीत जे कोन तुरुंगात गेले त्येंना सरकार तांब्याचा पत्रा देनार हाय, त्येला ताम्रपट म्हनत्यात, ज्येंचं असंल त्येंनी कचेरीत अर्ज करा.

मी डोक्यावरली पाटी खाली टाकली. "आत्याबाई, तुमीच की!"

आत्याबाई बेचाळीसला अकरा दिस कोठडीत हुत्या. नांदायला आल्यापासनं मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की मलाच आत जाऊन आल्यागत वाटायचं. तालुक्याला जुनी दगडी गढी हाय. इंग्रजाच्या राज्यात कचेरी तितंच आन् कोठडी बी तितंच. आत्याबाई तवा सतरा वर्सांच्या, लग्नाला वरीस झालेलं. चौघी बाया जाऊन कचेरीच्या दारात आडव्या पडल्या आन् मामलेदाराला म्हनल्या, जायचं तर आमच्या अंगावर पाय देऊन आत जा. मामलेदार काय पाय देतोय! चौघींना उचलून कोठडीत टाकलं. त्यातल्या तिघी कवाच देवाघरी गेल्या, एकट्या आत्याबाई उरल्या.

"मला काय करायचाय पत्रा?" आत्याबाई म्हनल्या. "त्येच्यावर काय भाकर भाजता येती?"

"भाकर न्हाई भाजता येत, पन गावाच्या तोंडावर मारता येतो," मी म्हनले. मला राग हुता. गावातल्या चार टवाळ बाया माघारी म्हनायच्या, कशाची चळवळ न् काय, कनसं चोरली असतील म्हनून कोंडली असंल. त्यापायी मी पानवठ्यावर दोनदा भांडले हुते. एकीची घागर फुटली. फुटली म्हंजी मीच फोडली.

सोमवारी कामाचा खाडा करून आमी दोघी तालुक्याला गेलो. नव्या कचेरीत आप्पासाहेब नावाचा कारकून बसतो. चष्मा कायम कपाळावर, डोळ्यावर कवाच न्हाई. त्येनं जुनं बुक काढलं, धूळ झटकली, पानं उलटली आन् बोट ठेवून वाचलं, "भीमाबाई भ्रतार अर्जुन. वय सतरा. अकरा दिवस." मंग वर बघून म्हनला, "सापडलं. अर्जुनराव आहेत का हयात?"

आत्याबाई ताडकन उठल्या. "कोन अर्जुनराव?"

"तुमचे मालक."

"माझे मालक अर्जुन न्हाईत!"

"मग ही भीमाबाई तुम्ही नव्हे. दुसरी कोणी असेल," आप्पासाहेब म्हनला आन् त्येनं बुक मिटलं.

"एका गावच्या, एका वयाच्या, एकाच दिशी धरलेल्या दोन भीमाबाई?" मी म्हनले. "सरकारला काय जुळ्या झाल्या हुत्या का?"

"लिहिलंय ते लिहिलंय," त्यो म्हनला. "तोंड चालवून दप्तर बदलत नाही, बाई."

मी आनखी बोलनार हुते, आत्याबाईंनी दंडाला धरून भाईर काढलं. तसंच वढत एश्टी स्टँडवर आनलं. तितं बाकड्यावर बसल्या आन् एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"आठवलं गं बाई! त्या दिशी आत घेताना कारकुनानं इचारलं, नवऱ्याचं नाव? मी गप. कसं घ्यायचं? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, आईनं सांगून धाडलेलं. त्यो वरडाया लागला, तवा एवढंच म्हनले, पाच पांडवांतलं एक हाय. मंग शिपाई एकेक नाव घ्यायला लागला. धर्मा का? मी गप. भीमा का? मी गप. अर्जुन का? आन् मला हसू आलं गं! आपल्या आळीतला अर्जुना डोळ्यापुढं आला, शेळी अंगावर आली तर झाडावर चढनारा. मी पदर तोंडाला लावून हसले. त्यांना वाटलं, नवऱ्याचं नाव निघालं म्हनून बाई लाजली. लिवून मोकळे झाले!"

मी इतकी हसले की बाकड्यावरनं खाली बसले. कंडक्टर बघाया लागला. आत्याबाई मातर हसल्या न्हाईत.

"हसू नगंस मनकर्णे," त्या म्हनल्या. "तीस वर्सं झाली. तीस वर्सं सरकारदप्तरी मी त्या अर्जुनाची बायको हाय."

घरी मामंजींना सांगितलं. मला वाटलं, हा मानूस आता हसून हसून लोळनार. तर त्येंनी हातातली भाकर ताटात ठेवली. "म्हंजी मी कोन?" एवढंच म्हनले आन् रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. बैल न्हवते, तरी तितंच बसले.

गावात गोष्ट लपती व्हय? दोन दिसांत सगळ्या तलावावर झाली. त्यो अर्जुना, आता पुढचे दात पडलेला, फावडं टेकवून आत्याबाईंना म्हनला, "काय वैनी, नांदायला कवा येताय आमच्याकडं?" समदी मानसं खदाखदा हसली. आत्याबाईंनी त्येच्या पायावर पाटीभर माती वतली, तरी लोक हसायचे थांबंनात. मामंजी खाली मान घालून खोदत राह्यले. त्या दुपारी त्येंनी अमेरिकेच्या घोड्याचं नाव काढलं न्हाई. दुसऱ्या दिशी बी न्हाई. मिलोची भाकर मला पहिल्यांदा कडू लागली.

चौथ्या दिशी आत्याबाई चुलीपुढं बसल्या बसल्या म्हनल्या, "पत्रा गेला खड्ड्यात. न्हाई दिला तरी चालंल. पन त्या बुकात मला माझ्या धन्याची बायको म्हनून लिवून घ्यायचं. त्याबिगर मी मरनार न्हाई."

"मंग बरंच हाय की, जगा," मी म्हनले. "पन पुरावा कुठनं आनायचा? संगतीच्या तिघी तर वर गेल्या."

आत्याबाई लाकूड आत सारत राह्यल्या. मंग म्हनल्या, "भिंतीवर हाय."

"काय हाय?"

"कुनाला सांगितलं न्हाई मी कवा. सांगन्याजोगं न्हवतं ते." आन् सत्तेचाळीस वर्सांची बाई, सुनेपुढं, लाजली. "नवव्या दिशी मला ह्येंची लई आठवन आली. तोंडानं नाव घ्यायचं न्हाई. लिवता येत न्हाई. मंग करायचं काय? पायातलं जोडवं काढलं आन् भिंतीच्या गिलाव्यावर पांडव कोरले. दिवाळीच्या पाडव्याला अंगनात शेनाचे पांडव घालतो तसेच, वळीनं, थोरल्यापासनं धाकट्यापतूर. आन् धाकट्याच्या शेजारी मी."

माझ्या हातातला तवा तसाच राह्यला. मला आमचे हे आठवले, नागापूरला एकटे, आन् वाटलं, मी कवा असं कोरलं असतं का? मला न्हाई वाटत.

दुसऱ्या दिशी मी आत्याबाईंना घेऊन परत कचेरीत. आप्पासाहेबाला ओलांडून थेट नायब तहसीलदाराच्या खोलीत शिरले. गाडेकरसायेब नवीन हुते, वयानं आमच्या ह्येंच्याएवढे. त्येंनी समदं ऐकून घेतलं. एकदा हसले, पन तोंड फिरवून, म्हनून मी माफ केलं.

"भिंतीवर काय निघेल ते सांगा आधी," सायेब म्हनले. "मी लिहून घेतो. तसंच निघालं तर बघू."

आत्याबाईंनी सांगितलं. पाच मानसं वळीनं, कमरेवर हात. दारापासला थोरला. शेवटचा धाकटा, त्येच्या शेजारी नथवाली बाई. सायबांनी लिवून घेतलं आन् आत्याबाईंचा अंगठा घेतला. मंग आप्पासाहेबाला बुक घ्याया लावून आमच्यासंगं गढीवर निघाले.

गढीच्या त्या कोठडीत आता दुष्काळाचं धान्य ठेवत्यात. दार उघडलं तर छतापतूर मिलोची पोती. गोदामाचा हमाल छगन कमरेवर हात ठेवून म्हनला, "सायेब, त्या भिंतीला लावलेलीच साठ पोती हायेत. हलवायची कुनी?"

मी पदर खोचला. तवर कोनतरी मला बाजूला सारून पुढं गेलं. मामंजी हुते. घरनं निघताना म्हनले हुते, "मी नुसता सोबतीला येतो, मला काय घेनंदेनं न्हाई," कचेरीत बी भाईरच बसले हुते, आन् आता त्येंनीच पहिलं पोतं पाठीवर घेतलं. एकामागनं एक, थांबंनातच. छगनला लाज वाटली, त्यो बी लागला. मी आन् आत्याबाईंनी दोघींत एक एक वढलं. आप्पासाहेब दारात उभा राहून मोजत हुता.

साठ पोती हलली आन् भिंत दिसली. पांढरी फटफटीत. तीस वर्सांत किती हात चुना मारलाय देव जाने. नख बी उठलेलं दिसंना.

"गेलं गं," आत्याबाई म्हनल्या. खाली बसल्याच त्या. सगळ्यांना इथपतूर वढत मीच आनलं हुतं.

"चला, झालं," आप्पासाहेब म्हनला.

"तुमी गप बसा वो!" मी म्हनले.

आत्याबाई मंग बसल्या जागेवरनंच भिंतीवर हात फिरवाया लागल्या. डोळे मिटलेले. भाकर थापताना पिठावर हात फिरतो तसा तळवा सरकत हुता. एका जागी थांबला. "मनकर्णे, हितं खड्डा लागतोय. वळ हाय हितं."

छगनच्या माठातलं पानी घेतलं. त्यानं एक तांब्या दिला, दुसरा देताना कुरकुरला, पन दिला. पोत्याचा तुकडा भिजवून भिंतीला चोपला, आन् करवंटीनं हळूहळू खरवडलं. चुन्याचे पोपडे पडाया लागले.

पहिल्यांदा निघाल्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी, कुनीतरी दिस मोजलेले. एके ठिकानी मोजता मोजता मधीच सोडलेलं. त्यो सुटला का आनखी काय झालं, कळायला मार्ग न्हाई. मंग एक तुळस, तिच्या खाली दिवा. मंग खड्यांनी खेळायच्या नवकंकरीचा पट, पार झिजलेला, कोनकोन खेळले असतील. आन् त्येच्या वर बैलजोडी. काय सुरेख बैल! वशिंडं, गळ्यातल्या घागरमाळा, एकाचं शिंग जरा वाकडं. वाकडं मुद्दाम काढलेलं, त्येचा खरा बैल तसाच असनार.

मामंजी त्या बैलांपुढं उभे राह्यले. "ह्येची पेरनी राह्यली असंल बघ," म्हनले. चार दिसांत पहिल्यांदा ते घरातल्या मानसासारखं बोलले. आप्पासाहेब बी आत आला हुता. इतकी मानसं त्या एवढ्याशा खोलीत राहून गेली आन् वरनं आमी मिलो रचला.

"खाली," आत्याबाई म्हनल्या. "मी बसून कोरलेलं. खाली बघ."

मी गुडघ्यावर बसले आन् खरवडलं. एक डोकं निघालं. कमरेवर हात. मंग दुसरं. पाडव्याला शेनाचे घालतो तसेच ठुसके, गोल पोटाचे. दारापासला थोरला, मंग त्येच्यापेक्षा बारका, मंग आनखी बारका. पाचवा तर माझ्या करंगळीएवढा. आन् त्येला चिकटून एक बाई, नाकात भली मोठी नथ, कपाळावर ठसठशीत कुकू. आन् काय सांगू, बाई त्येच्या दुप्पट!

सायेब वाकले. हातातल्या कागदाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "आप्पासाहेब," म्हनले, "ही बाई अर्जुनाजवळ उभी आहे का?"

आप्पासाहेबानं कपाळावरला चष्मा पहिल्यांदा डोळ्यावर घेतला. बोट लावून मोजलं. "धर्म... भीम... अर्जुन... नकुल..." आन् थांबला. "नाही साहेब. शेवटच्याजवळ आहे."

मामंजी उकिडवे बसले. त्येंना ह्यातलं कायबी ठावं न्हवतं. तीस वर्सं एका चुलीचं खाल्लं आन् ह्या बाईनं जोडवं झिजवून आपल्याला भिंतीवर ठेवलंय, हे त्येंना त्या दिशी कळलं.

"मला लई बुटका काढलास," मामंजी म्हनले.

"धाकटा म्हनल्यावर धाकटाच काढनार की!" आत्याबाई म्हनल्या.

"आन् तू एवढी दांडगी?"

"जागा उरली हुती."

मी हसले, छगन हसला, सायेब बी हसले, ह्या वक्ताला तोंड न फिरवता. मला इतकं बरं वाटलं, घरात दिवा लागल्यागत झालं. सायबांनी छगनला ताकीद दिली, ह्या भिंतीला आता चुना लावायचा न्हाई आन् पोती टेकवायची न्हाईत. मंग पोत्यावर बुक उघडलं आन् पेनाचं टोपन काढलं. मामंजी उठून दारात जाऊन उभे राह्यले.

"खरवडायच्या आधी तुम्ही सांगितलंत तसंच निघालं, त्यामुळे मला शंका नाही," सायेब आत्याबाईंना म्हनले. "पण नोंद दुरुस्त करायला तुमचा जबाब लागेल. नवऱ्याचं नाव तुमच्या तोंडून पाहिजे. मागच्या वेळी ते घेतलं नाही, म्हणून तर हा घोटाळा झाला."

आत्याबाईंचं तोंड उतरलं. "मनकर्णे, तू सांग."

"मी? सासऱ्याचं? आत्याबाई, काय बोलताय!"

"मंग त्येंनीच सांगावं, आपापलं."

"जबाब तुमचा आहे, बाई," सायेब म्हनले. लई मऊ बोलले. "उखाण्यात घ्या हवं तर. आम्ही थांबतो."

आत्याबाईंनी मान हलवली. "उखाना लग्नात ठीक हाय. ह्ये सरकारी काम हाय, तितं आडवळनानं बोलले म्हनून तीस वर्सं दुसऱ्याच्या नावावर काढली." असं म्हनल्या खऱ्या, पन शब्द भाईर येईना. व्हट हलायचे आन् मिटायचे. मला दिसत हुतं, त्या भेल्या हुत्या. पोलिसाला न भ्यालेली बाई. आईनं सांगितलेलं त्येंच्या मनात हुतं, नाव घेतलं की आयुष्य घटतं, आन् ते आयुष्य समोर दारात उभं हुतं, अंगाला मिलोची धूळ लागलेलं.

मामंजींनी वळखलं. ते आत आले न्हाईत, तितनंच म्हनले, "घे गं. भिंतीला सांगितलंस, मला बी ऐकू दे. तुझ्या तोंडनं ऐकून चार वर्सं कमी झाली तर होऊ दे, उरलेली बक्कळ हायेत."

"असं अभद्र बोलू न्हाई," आत्याबाई म्हनल्या. डोळ्यांतनं पानी यायला लागलं हुतं, ते त्येंनी पदरानं पुसलं. मंग डोईवरला पदर नीट केला, सायबाच्या पेनाकडं बघितलं आन् खनखनीत आवाजात म्हनल्या, "सहादेव."

दारातनं मामंजींनी ओ दिली, शेतात लांबनं हाक आली की देत्यात तशी, मोठ्यानं.